मागच्या सीटवरून शंभर किलोमीटर

मला दिसत नाही आणि यंदा मी 100 किलोमीटरची सामूहिक सायकल फेरी पूर्ण केली. हे ऐकलं की बहुतेक जण विचारतात, "म्हणजे कुणीतरी तुला मागे बसवून नेलं ना?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला कळतं. पण या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मला कुणी नेलं नाही. मी सायकल चालवली.

शाळेत असताना संध्याकाळ झाली की मला दिसेनासं व्हायचं. नंतर नजरेचा घेर बाजूंनी आवळत गेला. निदान झालं रेटिनायटिस पिगमेंटोसा. डोळ्याच्या पडद्यावर कमी उजेडात काम करणाऱ्या पेशी असतात. या आजारात त्या आधी जातात, म्हणून रातांधळेपणा पहिल्यांदा येतो. आता मला उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. सायकल सुटली तेव्हा मी फार रडले होते. वाचन सुटलं नाही, कारण स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आला. फिरणं सुटलं नाही, कारण पांढरी काठी आली. सायकलच्या जागी मात्र बरीच वर्षं काहीच आलं नाही.

मग टँडमची माहिती कळली. दोन सीट, दोन जोड पॅडल, एकच सायकल. पुढे बसतो तो कॅप्टन. वळवणं, ब्रेक, गिअर हे सगळं त्याच्या हातात. मागे बसतो तो स्टोकर. स्टोकरच्या हातात जे हँडल असतं ते कॅप्टनच्या सीटच्या दांड्याला पक्कं बसवलेलं असतं, ते वळत नाही. पॅराॲथलीटांच्या, म्हणजे अपंग खेळाडूंच्या, सायकल शर्यतींत 'बी' हा वर्ग टँडमचाच आहे. त्यात दृष्टिहीन किंवा अंशतः दिसणारा खेळाडू मागे असतो आणि डोळस साथीदार पुढे.

ज्या फेरीत मी भाग घेतला ती दरवर्षी भरते आणि सगळ्यांसाठी खुली असते. 25, 50 आणि 100 किलोमीटर असे तीन मार्ग. शर्यत नाही. पहिला-दुसरा कुणी ठरत नाही, पण प्रत्येकाची वेळ नोंदली जाते आणि शेवटची मुदत पाळावी लागते. अशा फेऱ्या जगभर आहेत आणि त्यांतल्या काही जुन्या आहेत. स्वीडनमध्ये वेटर्न सरोवराभोवती 1966 पासून वेटर्नरुंडान भरते, 300 किलोमीटरहून लांब. केप टाउनची सायकल टूर 1978 ला सुरू झाली, आता हजारो लोक तिच्यात 109 किलोमीटर चालवतात आणि त्यांत टँडमवालेही असतात. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, तिथे मागच्या सीटवर बसून कुणी जात असेल तर मीही जाऊ शकते.

पहिला अडथळा रस्त्यावर आला नाही, नावनोंदणीच्या अर्जात आला. शेवटी चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाइप करायची होती आणि ती ऐकण्याची सोय नव्हती. पुढचं याहून जास्त लागलं. टँडमसाठी वेगळा पर्याय होता, पण स्वाराच्या नावाची जागा एकच. दुसऱ्या व्यक्तीसाठी 'सोबती' असा रकाना, त्यात फक्त वय विचारलेलं. माझ्या कॅप्टन ताईंनी फोन करून विचारलं, तेव्हा सांगण्यात आलं की एक सायकल म्हणजे एक बिब, म्हणजे अंगावर लावायचा नंबर, आणि वेळ नोंदणारी एक चिप. मी तेव्हा गप्प बसले. अर्ज भरून टाकणं महत्त्वाचं होतं.

ताईंबद्दल सांगायलाच हवं. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या आहेत, कित्येक वर्षं लांब पल्ल्याची सायकल चालवतात, आणि त्याआधी टँडमला त्यांनी कधी हात लावला नव्हता. एका ओळखीच्या मैत्रिणीनं गाठ घालून दिली. पहिल्या भेटीतच त्यांनी विचारलं, "तुला कशाची भीती वाटते ते आधी सांग." मी म्हटलं, "न सांगता काही झालं तर." त्या म्हणाल्या, "मग मी बोलत राहीन. तुला कंटाळा आला तरी बोलत राहीन." आणि खरोखर, त्या बोलत राहिल्या.

सुरुवातीला आम्ही एका मोकळ्या मैदानात फक्त निघायचं आणि थांबायचं, एवढंच केलं. टँडमवर सगळ्यांत अवघड भाग हाच. कॅप्टन सायकलच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, दोन्ही ब्रेक दाबून घट्ट उभा राहतो. पाय फाकून, कारण मागचं पॅडल फिरलं की पुढचंही फिरतं आणि त्याचा फटका नडगीवर बसतो. मग स्टोकर चढतो, दोन्ही पाय पॅडलवर ठेवतो आणि कॅप्टनला हवं तिथे पॅडल फिरवून आणतो. मागच्या माणसाचं सगळं वजन त्या वेळी पुढच्याच्या दोन हातांवर आणि दोन पायांवर असतं. ताई म्हणायच्या, "बस." मी बसायचे. "उजवं वर." मी उजवं पॅडल वर आणायचे. "एक, दोन, चल." तिसऱ्या शब्दाला दोघींनी एकदम दाब द्यायचा. यात अर्ध्या क्षणाचाही फरक पडला की सायकल डगमगते. थांबताना स्टोकरनं पाय खाली टेकायचे नाहीत, पॅडलवरच ठेवायचे. माझ्यासारखीला हे मनाला पटवणं कठीण जातं, कारण थांबल्यावर पायाखाली जमीन चाचपणं ही आमची वर्षानुवर्षांची सवय.

टँडमच्या डाव्या बाजूला आणखी एक चेन असते. ती पुढचे आणि मागचे पॅडल एकमेकांना जोडते. म्हणजे एकीनं पाय थांबवले की दुसरीचे थांबतातच. वेगवेगळ्या लयीत पॅडल मारणं शक्यच नाही. ताईंना मिनिटाला नव्वदच्या आसपास फेरे सवयीचे होते. मला जड गिअरवर सावकाश, सत्तर-पंचाहत्तर. काही आठवडे दोघींचेही गुडघे तक्रार करत राहिले. शेवटी ऐंशीच्या थोडं वर आमचं जमलं. त्या आकड्याला आम्ही ठरवून पोचलो नाही. एका लांबच्या सरळ रस्त्यावर दोघी बोलायच्या थांबलो, सायकल एका सुरात गुणगुणायला लागली आणि ताई हळूच म्हणाल्या, "हेच. हेच धरून ठेव."

शब्द ठरवले. 'खड्डा' म्हटलं की बूड किंचित उचलायचं. मागची सीट मागच्या चाकाच्या अगदी जवळ असते, त्यामुळे हादरा पुढच्यापेक्षा मागच्याला जास्त बसतो आणि न दिसणाऱ्याला तो बेसावध गाठतो. माझ्या सीटला नंतर आम्ही स्प्रिंग असलेला दांडा बसवला. 'सोड' म्हणजे पाय थांबव. 'गिअर' म्हणजे क्षणभर दाब हलका कर, नाहीतर चेनवर ताण येऊन कटकट आवाज होतो. 'डावं' आणि 'उजवं' म्हणजे त्या बाजूला वळतोय, अंग ताईंबरोबर झुकू दे, उलटं ओढू नकोस. याउलट मी ताईंना काय सांगायचं तेही ठरलं: पाणी पिताना, बसण्याची जागा बदलताना आधी 'हलतेय' म्हणायचं. मागून अचानक अंग हललं की पुढचं हँडल भरकटतं.

एरवी घरी एकटी असताना मी स्टँडवर लावलेल्या सायकलवर सराव करायचे. तिथे कुणाची गरज नव्हती. बोलणारं घड्याळ नाडीचे ठोके सांगायचं, मी वीस मिनिटं जोरात, पाच मिनिटं सावकाश असं करत राहायचे. माझ्या तयारीतला हा भाग मला सगळ्यांत प्रिय होता, कारण तो पूर्णपणे माझा होता. लांब पल्ल्याला पायांची ताकद लागते तशी पोटाची सवयही लागते. तासाला साधारण 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत आणि तहान लागायच्या आधीपासून घोट घोट पाणी. चालत्या सायकलवर बाटली काढून परत जागच्या जागी ठेवणं मी त्या स्टँडवरच शिकले.

फेरीच्या सकाळी आमची वेळ पहाटेची होती. हजारो लोक एकदम सोडता येत नाहीत, म्हणून काही मिनिटांच्या अंतरानं गट सोडतात आणि वेगाप्रमाणे गट पाडतात. बिबवर किंवा सायकलवर चिप असते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या पट्टीवरून जाताना ती वाचली जाते, त्यामुळे प्रत्येकाची वेळ तो स्वतः निघाल्यापासून मोजतात, बंदुकीच्या आवाजापासून नाही. आम्हाला मधल्या गटात ठेवलं होतं. टँडम लांब असते, दोन चाकांमधलं अंतर पावणेदोन मीटरच्या आसपास. गर्दीत ती चटकन वळत नाही. ताईंनी गटाच्या उजव्या कडेला जागा धरली आणि माझ्या चारी बाजूंना काय आहे ते सांगितलं: "डावीकडे तिघं, एकाला टेन्शन आलंय. पुढे एक आजोबा आणि त्यांची नात. मागे हातानं चालवायची तीनचाकी आहे." त्या तीनचाकीवाल्यानं मागून हाक मारली, "आज वारा आपल्या बाजूनं आहे हो!" मी वळून म्हटलं, "माझ्याही कानाला तसाच लागतोय."

मग निघालो. सुरुवातीचे दोनेक किलोमीटर मी आयुष्यभर विसरणार नाही. शेकडो चेन, शेकडो टायर, डांबरावरची एक जाड सरसर, आणि तिच्यात मी. कॉलेजच्या वयानंतर पहिल्यांदा माझ्या दोन्ही बाजूंना, माझ्याच वेगानं जाणारे लोक होते. काठी घेऊन चालताना लोक मला ओलांडून जातात किंवा माझ्यासाठी थांबतात. बरोबर कुणी जात नाही.

आता दोन गोष्टी जरा सावकाश सांगते, कारण स्टोकर करतो काय, हे त्यांतून कळेल.

पहिली आवाजाची. सायकलचं पॅडल थांबलं की मागच्या चाकातलं फ्रीव्हील टिकटिकतं. गटात जाताना पुढच्या चार-सहा सायकली एकदम टिकटिकायला लागल्या, म्हणजे पुढच्यांनी पाय सोडले. पाठोपाठ ब्रेक येणार. मला हे आधी ऐकू यायचं. ताईंची नजर पुढच्या चाकावर असायची, रस्त्यावर असायची, आणि त्यांच्या कानांत वारा भरलेला. पहिल्यांदा मी "पुढे सोडलंय" म्हटलं तेव्हा त्यांनी लगेच पाय थांबवले. दोन सेकंदांत पुढे गर्दी तुंबली. आम्ही ब्रेक न मारता नुसता वेग सोडून तिच्यापर्यंत पोचलो. तिथून पुढे ते माझं काम झालं. वळणावर कुठे पाणी सांडलं आहे, कुठे डांबर संपून खडी सुरू होते आहे, हेही टायरच्या आवाजावरून मला कळायचं आणि मी सांगायचे.

दुसरी हातांची. गटात मागच्यांना खुणा कराव्या लागतात: वळायचंय, थांबतोय, खड्डा आहे. ताईंचे दोन्ही हात जड सायकलच्या हँडलवर. माझे हात मोकळे, कारण माझं हँडल काहीच वळवत नाही. म्हणून आमच्या सायकलवर सगळ्या खुणा मी करायचे. ताई म्हणायच्या, "डावा," मी डावा हात आडवा. "उजवीकडे खड्डा," मी उजवा हात खाली करून बोट दाखवायचे. आमच्या मागे बराच वेळ एक गट होता. एका थांब्यावर त्यांतला एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुमच्या खुणा फार स्पष्ट आहेत, म्हणून आम्ही तुमच्यामागेच राहिलो." त्यानं माझी काठी अजून पाहिली नव्हती. ताईंनी माझ्या हातात काठी दिली तेव्हा तो क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, "मग आणखी तीस किलोमीटर तुमच्यामागेच." आणि राहिलाही.

सपाटीवर आम्ही वेगात होतो. ताकद दोघींची, पण वारा कापायचा तो जवळजवळ एकीनं. मी ताईंच्या अंगाआड. वाऱ्याचा अडथळा वेगाबरोबर झपाट्यानं वाढतो, म्हणून सपाट रस्त्यावर टँडम एकट्या सायकलला मागे टाकते. चढावर उलट. तिथे वारा नाही, वजन बोलतं. शिवाय एकटा माणूस उभा राहून पॅडल मारतो, तसं दोघींनी एकदम उभं राहणं फार सरावाचं काम आहे. म्हणून आम्ही बसूनच, हलक्या गिअरवर चढलो. ज्यांना सपाटीवर मागे टाकलं होतं ते सगळे नावानिशी हाका मारत पुढे गेले. साठाव्या किलोमीटरनंतरचा तो चढ लांब होता. किती उरलाय ते मला दिसत नव्हतं आणि खरं सांगते, ते बरं होतं. ताईंनी विचारलं, "सांगू का किती राहिलाय?" मी म्हटलं, "नको. वळण आलं की सांगा." मग त्या फक्त वळणं सांगत राहिल्या.

उताराची मात्र आधीच तयारी लागते. दोन माणसांचं वजन उतारावर फार जोरात पळतं. रिमवर दाबणारे ब्रेक लांब उतारावर इतके तापू शकतात की टायर रिमवरून निसटण्याची भीती असते, म्हणून आमच्या सायकलला डिस्क ब्रेक होते. चाकांनाही नेहमीपेक्षा जास्त आरे, चाळीस. तरीही आमचा करार होता: मी 'हळू' म्हटलं की ताईंनी हळू करायचं, कारण विचारायचं नाही. मी एकदाच म्हटलं. त्यांनी लगेच वेग कमी केला. तेवढ्यानं मला बाकीचा उतार मनापासून आवडला.

पाण्याच्या थांब्यावर एका स्वयंसेवकानं ताईंना विचारलं, "यांना केळं देऊ का?" ताई म्हणाल्या, "त्यांनाच विचारा." त्यानं लगेच विचारलं, मी दोन घेतली. मुलगा लहान होता आणि चांगला होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं एवढंच.

शेवटच्या पंधरा किलोमीटरमध्ये वारा आडवा झाला. लांब सायकलला आडवा वारा त्रास देतो आणि मागचा माणूस ताठ बसला तर आणखी. मी वाकले, कोपरं आत घेतली. वाऱ्याला हलकं समजू नये. केप टाउनची फेरी 2017 मध्ये सोसाट्याच्या वाऱ्यामुळेच रद्द करावी लागली होती. आमच्याकडे तेवढं काही नव्हतं, पण हात भरून आले. आमच्या मागे शेवटची गाडी कुठे आहे, याची मला काळजी लागली होती. थकलेल्यांना आणि मुदतीबाहेर गेलेल्यांना गोळा करत सगळ्यांच्या शेवटी जी गाडी येते, तिची रीत टूर द फ्रान्समध्ये 1910 पासून आहे, पर्वतांचे टप्पे घेतले तेव्हापासून. मार्शलला विचारलं तर तो म्हणाला, ती तासभर मागे आहे. मग मी निवांत झाले. आणि त्या गाडीपाशी जे असतील, जे 25 किलोमीटरलाही दिवसभर झगडत असतील, त्यांच्यासाठी ती इतक्या सावकाश येते आहे, याचं मला फार बरं वाटलं.

शेवटच्या पट्टीवर चिप वाचल्याचा बारीक 'पीप' झाला. तो मी ऐकला. ताईंनी पाय टेकले, मी नेहमीप्रमाणे पॅडलवर पाय ठेवून बसून राहिले, आणि त्या म्हणाल्या, "उतर आता, पोचलो." पाच तास आणि वर काही मिनिटं.

संध्याकाळी निकाल लागला. स्क्रीन रीडरनं आमची ओळ वाचली. त्यात ताईंचं नाव होतं, माझं नव्हतं. ताई माझ्यापेक्षा जास्त चिडल्या. प्रमाणपत्रही त्यांचंच आलं. त्यांनी ते उघडलंही नाही, परत पाठवून दिलं.

आम्ही दोघींनी मिळून आयोजकांना पत्र लिहिलं आहे. मागणी मोठी नाही. टँडमसाठी दोन नावांची जागा. दोन बिब. निकालात दोन्ही नावं. अर्जात चित्राऐवजी किंवा चित्राबरोबर ऐकण्याची सोय. स्वयंसेवकांना एक साधी सूचना: ज्याला हवंय त्याच्याशी बोला. आणि फेरीच्या आधी काही रविवार एक मैदान मोकळं ठेवावं, जिथे टँडम असतील आणि न दिसणारे स्वार व त्यांना हवे असलेले कॅप्टन एकमेकांना भेटतील. ही शेवटची मागणी माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाची आहे. मला ताई ओळखीतून भेटल्या. ज्याच्या ओळखीत कुणीच सायकलवालं नाही त्यानं काय करायचं?

उत्तर आलं आहे. दोन नावं आणि दोन बिब मान्य झाले आहेत, मैदानाचं ते बघतो म्हणालेत. आम्ही दर आठवड्याला विचारतो.

हे वाचणाऱ्या कुणाला कॅप्टन व्हायचं असेल तर फार वेगानं चालवता यायला हवं असं नाही. बोलता यायला हवं. आणि मागच्याचं ऐकून लगेच हळू करता यायला हवं. ज्यांना दिसत नाही आणि मागे बसायचंय, त्यांनी पहिल्या दिवशी रस्त्यावर जाऊच नये. मैदानात निघणं आणि थांबणं, तेवढंच करावं. कॅप्टन न सांगता वळला, न सांगता थांबला, आणि सांगूनही पुन्हा तसंच केलं, तर दुसरा शोधावा. संकोच करू नये. सायकल दोघांची असते.